खाणीतलं तेल

मार्च लागला की आमच्या खोलीतली माणसं कमी बोलायला लागतात. पुण्यात आम्ही तिघे एका खोलीत राहतो. पहाटे पाचला जो आधी उठेल त्याने स्टोव्ह पेटवायचा, चहा टाकायचा आणि बाकीच्या दोघांना हलवून जागं करायचं, असा आमचा नियम आहे. मी आधी उठलो की स्टोव्हमध्ये ओतताना थोडं रॉकेल बोटांवर सांडतं. त्या वासाबरोबर माझं पुणं संपतं आणि मी पोलादपूरच्या आमच्या खळ्यात जाऊन उभा राहतो.

परीक्षेची भीती मलाही वाटते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. पण मार्चमध्ये मला त्या भीतीच्याही आधी हे रॉकेल आठवतं. मग वाचताना एखादी ओळ डोळ्यांखालून सरकली की मी दचकून मागे जातो. आपण काही गाळलं तर नाही ना? खोलीतला नगरचा मुलगा म्हणतो, "एका पानाला तुला एवढा वेळ का लागतो रे? मुरवत ठेवतोस का?" मी म्हणतो, सवय आहे. ती कुठून लागली हे त्याला कधी सांगितलं नाही. इथे सांगायचा प्रयत्न करतो. मला लिहिण्याचा सराव नाही, तेव्हा थोडं मागचं पुढे झालं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आदल्या वर्षी मी मॅट्रिकला बसलो. शेवटचा पेपर महाडला देऊन मी घरी परतलो तो एस.टी.ने नाही, एका मोडक्या जीपमधून. ती जीप दोन बैल ओढत होते.

लढाई संपल्यावर लष्कराने विकून टाकलेल्या गाड्यांना आमच्याकडे डिस्पोजलच्या गाड्या म्हणतात. त्यातली ही एक. महाडला एका कोळशाच्या ठेकेदाराच्या आवारात चिंचेखाली किती वर्षं पडून होती कोण जाणे. मागच्या भागात कोंबड्या अंडी घालायच्या. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सागाचे दोन ओंडके देऊन ती घेतली. आबा लढाईत ब्रह्मदेशाच्या बाजूला अशीच जीप चालवत होते. परत आले ते साधे ड्रायव्हर म्हणूनच, पण गाव त्यांना सुभेदार म्हणायचं. निम्मं कौतुकाने, निम्मं चेष्टेने. आबांना सही करता येते आणि आकडे वाचता येतात. त्यापलीकडे अक्षरांशी त्यांचा संबंध नाही.

महाड ते पोलादपूर सहा कोस. आबा स्टिअरिंगवर बसले होते, मी शेजारी, आणि पुढे आमची ढवळ्या-पवळ्याची जोडी. मुंबई-गोवा रस्त्यावरून जाणारा प्रत्येक लॉरीवाला हॉर्न वाजवून हसत होता.

"काय सुभेदार, बैलांना पेट्रोल पाजलंत का?"

डोक्यावर हंडा घेतलेली एक बाई दुसरीला म्हणाली, "अगो, बघ तरी, मोटारीची वरात चालली."

"हसा," आबा म्हणाले. "मे महिन्यात हिच्यात बसायला रांग लावाल."

ते खरंच तसं ठरवून होते. घाटाच्या अंगाला वरच्या वाड्यांपर्यंत एस.टी. जात नव्हती. आजारी माणसाला झोळीत घालून खाली आणावं लागायचं. जीप तो चढ चढेल, आबांना खात्री होती. लोकांना खाली न्यायचं, वर आणायचं, हे काम आपण करायचं. शेतीला जोड होईल, आणि हातात पुन्हा स्टिअरिंग येईल. दुसरी गोष्ट ते बोलून दाखवत नसत, पण ती पहिलीपेक्षा मोठी होती असं मला आता वाटतं.

त्या दिवसांचा विचार केला की मला सगळ्यात आधी धूर आठवतो. राब भाजायचे, म्हणजे भातरोपांसाठी जमीन भाजून घ्यायचे दिवस होते. डोंगराच्या उतारावर जागोजाग शेणकाट्याचा, पाल्याचा धूर उठलेला असायचा आणि दुपारी तो सगळा आमच्या खळ्यात उतरायचा. सावित्री नदीचं पाणी तुटून डोहाडोहांत गोळा झालं होतं. खळ्यावर आबांनी ऐनाच्या टाळ्यांचा, म्हणजे पालेदार फांद्यांचा, मांडव घातला आणि त्याखाली जीप उभी केली. मग ती हळूहळू आमच्या घरभर पसरली. ओटीवर कार्ब्युरेटर, पडवीत स्प्रिंगांचे पाटे, पायलीत स्क्रू. नटबोल्ट निवडायला आबांनी आईचं सूप घेतलं.

"माजं सूप काळं केलंत," आई म्हणाली. "आता तांदूळ कशात पाखडू? तुमच्या डोक्यात?"

"नवं आणतो गो."

"नवं आणाल तेव्हा आणाल. आज जेवायला नटबोल्ट वाढते."

पण त्याच आईने गाद्या भरल्या. सावरीची बोंडं फुटायचे दिवस होते ते. झाडाखाली पांढरा कापूस वाऱ्यावर तरंगत असायचा. माझी धाकटी बहीण कुसुम तो फडक्यात गोळा करायची आणि आई जीपच्या फाटक्या बैठकांत ठासून भरायची. लष्कराच्या गाडीला सावरीची गादी! मागच्या बाजूला आबांनी सागाची दोन बाकं समोरासमोर बसवली, वर ताडपत्रीचं छप्पर केलं, आणि छपरावर बोचकी बांधायला लोखंडी कठडा. रंग मात्र निळा. महाडच्या बंदरावर होड्यांना देतात तो. तोच मिळाला.

हे सगळं बसवायला येत होते ते कासम मिस्त्री. महाडच्या भातगिरणीचं इंजिन आणि खाडीतल्या लाँचची इंजिनं त्यांच्या हातात वाढलेली. आबांचे ते जुने दोस्त. मी त्यांना चाचा म्हणायचो. ते आठवड्यातले तीन दिवस पोलादपुरात आपल्या मेहुण्याकडे उतरायचे आणि सकाळी सायकल मारत आमच्याकडे यायचे. तेव्हा रमजान चालू होता. त्या उन्हात, त्या धुरात, पाण्याचा घोट न घेता ते इंजिनाखाली आडवे असायचे. आई मला आत बोलावून म्हणायची, "त्यांच्यासमोर पाणी पिऊ नको रे." सूर्य मावळला की ती त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा ठेवायची. ते आधी हात धुवायचे, मग बोटं नाकाशी नेऊन हुंगायचे आणि हसायचे. "रॉकेल काय जात नाय वहिनी. आता ते आमच्या रक्तातच."

कारण कासमचाचांची एक पद्धत होती. कुठलाही भाग, नवा असो की जुना, रॉकेलच्या घमेल्यातून काढल्याशिवाय ते बसवायचे नाहीत. तिला ते आंघोळ म्हणायचे. "आंघोळ झाल्याबिगर आत नाय. देव असो का नट." ते घमेलं मांडवाच्या खांबाशी ठेवलेलं असायचं. त्यात बुडालेली दातेरी चाकं, स्प्रिंगा, चकत्या मला अजून दिसतात.

आणि माझं काम? माझं काम वाचायचं होतं.

सीटखालच्या पेटीत एक इंग्रजी पुस्तक निघालं होतं. जीप कशी उघडायची, कशी जोडायची, त्याचं. सुरुवातीची पानं उंदरांनी खाल्लेली, उरलेली तेलाने पारदर्शक झालेली. मी एका पालथ्या पाटीवर बसायचो, मांडीवर ते पुस्तक, बाजूला शाळेतून आणलेला शब्दकोश. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला आबा थांबवून सांगायचे, "आमचा बाबू वाचतो. सगळं इंग्रजी."

खरं सांगायचं तर सगळं मला येत नव्हतं. निम्मं यायचं, उरलेलं चित्रावरून. पण सुरुवातीलाच माझं नशीब फळफळलं. डाव्या बाजूच्या चाकांचे नट काही केल्या सुटेनात. चाचांनी आणि आबांनी पान्याला पाईप लावून जोर केला, एक बोल्ट तुटला. मी पुस्तकात शोधलं. तिथे होतं की डाव्या चाकांचे आटे उलटे आहेत, ते उजवीकडे फिरवून सोडायचे. चाचांनी उलटं फिरवलं, आणि नट कुरकुरत सुटला. आबांनी माझ्या पाठीत एवढ्या आनंदाने थाप मारली की शब्दकोश खाली पडला.

त्या दिवसापासून चाचा मला भटजी म्हणायला लागले. "काय भटजीबोवा, पुढचा मंत्र?" मी मंत्र सांगायचो. दोन मोठी माणसं, एक लढाई बघून आलेलं, दुसऱ्याच्या हाताखाली इंजिनं बोलायची, ती माझ्या तोंडाकडे बघत थांबायची. सतरा वर्षांच्या मुलाला हे फार असतं. माझ्याबाबतीत तरी फार झालं.

ब्रेकचं काम सगळ्यात शेवटी निघालं. त्याच्या आदल्या दिवशीच चाचांनी सांगून टाकलं होतं, "सुभेदार, इंजिन माजं. ब्रेक मला ठाव नाय. गिरणीला ब्रेक नसतो, लाँचलाबी नसतो. पुस्तक सांगंल तसं करू." आबा म्हणाले, "आम्ही नुसती हाकायचो. ब्रेक वर्कशॉपवाले बघायचे." तेव्हा सगळं पुस्तकावर आलं. म्हणजे माझ्यावर.

त्या जीपचे ब्रेक तेलाच्या दाबावर चालतात. प्रत्येक चाकाजवळ एक लहान नळकांडं असतं आणि त्यात रबराच्या वाट्या असतात. त्या वाट्या आणि ब्रेकचं तेल मामाने मुंबईहून पाठवलं होतं. नव्या कोऱ्या वाट्या, पांढरी पूड लागलेल्या. चाचांनी त्या तळहातावर घेतल्या आणि मला म्हणाले, "बोला, भटजी."

पुस्तकात एक चौकट होती, जाड अक्षरांची. तीत दोन वाक्यं होती. पहिलं लहान होतं: रबराच्या भागांना मिनरल ऑइल लागू देऊ नये. मिनरल म्हणजे खनिज, हे भूगोलात होतं. मी ऐटीत सांगितलं, "रबराला खनिज तेल लावायचं नाय."

"खनिज म्हंजे?" आबांनी विचारलं.

"खाणीतलं. जमिनीतून काढलेलं."

आबा मोठ्याने हसले. "खाणीतनं तेल? अरे, खाणीतनं दगड निघतो, कोळसा निघतो. तेल घाण्यातनं निघतं."

"अमेरिकेत निघत असंल," चाचा म्हणाले. "आपल्याकडं नाय ना? मंग भ्या नाय. बाबू, रॉकेलचं काय लिवलंय? आंघोळ घालू ना?"

मी पुन्हा चौकटीत पाहिलं. रॉकेलला इंग्रजीत केरोसीन म्हणतात हे मला माहीत होतं. तो शब्द तिथे नव्हता. दुसरं वाक्य मात्र लांबलचक होतं. रबर कशात धुवावं याबद्दल काहीतरी होतं. त्यात एक शब्द होता, डिनेचर्ड. मी शब्दकोश चाळला. नव्हता. पुढचाही शब्द मला नीट लागेना. दोघं ओले हात वर धरून थांबले होते. घमेल्यातल्या रॉकेलवर ऊन हलत होतं. मला म्हणता आलं असतं, चाचा, ही ओळ मला कळत नाही. सहा शब्द. शाळेत गुरुजींना दाखवून आणतो, म्हणता आलं असतं. गुरुजींचं घर काही लांब नव्हतं.

मी म्हणालो, "रॉकेलचं नाव नाय."

हे खोटं नव्हतं. म्हणूनच मला ते इतकं सहज बोलता आलं. मग मी बोट उचललं आणि चौकटीखालच्या पुढच्या ओळीवर ठेवलं. चाचांनी वाट्या घमेल्यात सोडल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी त्या काढल्या, फडक्याने हलकेच टिपल्या आणि एखाद्या तान्ह्या मुलाला पाळण्यात ठेवावं तशा जागेवर बसवल्या.

जीप चालू झाली तेव्हाचा आवाज मी वर्णन करू शकत नाही. अख्खी आळी जमली होती. आईने चाकांवर नारळ फोडला आणि चाचांच्या हातावर आधी खोबरं ठेवलं. रमजान संपला होता.

मग ते नऊ दिवस. आबांना मी तसं पुढे कधी पाहिलं नाही. ते सकाळी जीप पुसायचे तेव्हा गुणगुणायचे. वरच्या वाडीतली एक म्हातारी, जिने महाड कधी पाहिलं नव्हतं, ती आबांचा खांदा दोन्ही हातांनी धरून बसली आणि चढ आला की ओरडली, "हळू हाक रे, बैलांना दम लागंल!" सगळे हसले. ती पण हसली, पण खांदा सोडला नाही. मी मागे फळीवर उभा राहून कठडा धरायचो. तोंडावर वारा, खाली करवंदीच्या जाळ्या, आणि निळी जीप. मला वाटायचं, हे मी वाचलं म्हणून चाललं आहे.

पुण्याला येताजाताना माझी एस.टी. त्याच घाटातून जाते. ते वळण आलं की मी खिडकीबाहेर न बघता आत बघायला लागतो. समोरच्या माणसाच्या टोपीकडे, तिकिटाकडे, कशाकडेही.

दहाव्या दिवशी आम्ही उतरत होतो. मागे पाच-सहा माणसं आणि फणस. सकाळपासूनच आबा म्हणत होते की गाडी ओढत नाही, कुणीतरी मागून धरल्यासारखं वाटतं. चाकांतून जळका वास येत होता. उतार लागल्यावर ब्रेकचं पेडल दगडासारखं घट्ट झालं आणि दोन वळणांनंतर एकदम खाली गेलं. मी मागून आबांचा पाय पाहिला. तो पेडलवर आपटत होता आणि काही होत नव्हतं. त्यांनी हातब्रेक ओढला, वेग थोडा पडला, आणि पुढचं वळण येण्याआधी त्यांनी जीप दरीच्या विरुद्ध बाजूला, डोंगराच्या अंगावर घातली. ती कुशीवर पडली. फणस रस्त्यावरून गडगडत गेले.

कुणी दगावलं नाही. हे मी पुष्कळदा स्वतःला सांगितलं आहे. एका काकांचा हात मोडला. आबांचा डावा गुडघा स्टिअरिंगखाली सापडला. ते आजही लंगडतात.

दुसऱ्या दिवशी कासमचाचा सायकलने आले. जीप खळ्यात ओढून आणलेली होती. त्यांनी चाक काढलं, आतलं नळकांडं उघडलं आणि रबराची वाटी तळहातावर घेतली. भिजत घातलेल्या वालासारखी ती टम्म फुगली होती.

"सुभेदार, रबर फुगलंय."

आबा ओटीवर पाय पसरून बसले होते. गुडघ्याला फडकं. "दिसतंय."

"नवं होतं."

"ते तुमालाच ठाव."

चाचांनी मान वर केली. त्यांना ते वाक्य कळायला थोडा वेळ लागला असावा. मग ते माझ्याकडे वळले. "बाबू, पुस्तक आण बरं तुजं."

"आता पुस्तक कशाला?" आबा म्हणाले. "पुस्तकानं फुगवलं का?"

पुस्तक देवळीत होतं. माझ्यापासून दहा पावलांवर. मला नक्की काही माहीत नव्हतं, पण ती गाळलेली ओळ आठवली. मी उभाच राहिलो. चाचांनी वाटी फडक्यात गुंडाळून खिशात घातली, आणि सायकलवर बसून गेले. आईने चहा टाकला होता.

पुढच्या बाजारात बोलणं झालं की मिस्त्रीने नवं रबर ठेवून घेतलं आणि जुनं घातलं. कुणी उठवलं ठाऊक नाही. चहाच्या दुकानात लोकांनी ते आबांच्या तोंडावर विचारलं. मी शेजारी होतो. आबा हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. बशीत चहा ओतून फुंकर घालत राहिले. आमच्याकडे तेवढं पुरतं. पोलादपूरच्या बाजूचं काम चाचांकडे जायचं थांबलं. जीप ठेकेदाराकडे परत गेली, या वेळी लॉरीला दोर बांधून. आणि जूनमध्ये मी पुण्याला आलो, कारण आबांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आमचा बाबू वाचतो, त्याला शिकवायचं.

पहिल्या वर्षी रसायनशास्त्राच्या तासाला सर सांगत होते. जमिनीच्या पोटातून निघणारी ती खनिज तेलं. त्यांनी फळ्यावर नावं लिहिली. पेट्रोल. त्याखाली रॉकेल. त्याखाली वंगण. शेजारचा मुलगा उतरवून घेत होता. मी पेन हातात धरून बसलो. माझ्या डोळ्यांसमोर ते घमेलं होतं आणि त्यात बुडत चाललेल्या पांढऱ्या वाट्या. खाणीतनं तेल निघत नाही, असं आबा म्हणाले होते. रोज आमच्या दिव्यात तेच जळत होतं. सर पुढे गेले. पुढे त्यांनी स्पिरिटचा एक प्रकार सांगितला, तेव्हा तो दुसरा शब्दही भेटला, डिनेचर्ड. रबर त्या स्पिरिटात धुवायचं होतं. त्या दिवशी मी जेवलो नाही, असं लिहिणार होतो. पण जेवलो. सगळ्यांबरोबर जेवलो आणि काही बोललो नाही.

त्यानंतर दोन वर्षं मी गप्प होतो. न कळणं हा एक अपराध असेल तर त्याला काही क्षमा असावी. कळल्यावर गप्प बसण्याला मला ती सापडत नाही. एकदा महाडच्या स्टँडवर चाचा भेटले. म्हणाले, "काय बाबू, शिकतोस ना नीट?" मी म्हणालो, "हो चाचा." आणि गाडी सुटायला वेळ असूनही आत जाऊन बसलो. मला कशाची भीती होती? आबा मारतील याची नाही. त्यांनी मला शिकायला पाठवलं ते मला वाचता येतं म्हणून. ते वाचणंच खोटं होतं म्हटल्यावर मी पुण्यात कुठल्या तोंडाने राहणार, याची.

या वर्षी शिमग्याला मी घरी गेलो. अभ्यास सोडून कशाला आलास, असं आईने विचारलं. होळीभोवती मुलं बोंबा मारत होती. आमच्याकडे शिमग्याला वर्षभराची सगळी लफडी, कंजूषपणा, लबाड्या नावानिशी ओरडून सांगतात आणि त्या दिवशी कुणी रागावायचं नसतं. तशात सात-आठ वर्षांची पोरं नाचत ओरडली, "मिस्त्रीनं रबर खाल्लं रे, खाल्लं! बों बों बों!" त्या पोरांना मिस्त्री कोण ठाऊक नसणार. रबर कसलं तेही नाही. आबा तिथेच होते. त्यांनी होळीत एक लाकूड सारलं आणि हात झटकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गोठ्यापुढे दोर वळत बसले होते. मी समोर उकिडवा बसलो आणि सांगितलं. सगळं. चौकट, दुसरं वाक्य, फळ्यावरची नावं, दोन वर्षं. सांगताना मी तेच तेच दोनदा बोललो असेन. आबांचे हात वळत राहिले. दोर संपला तेव्हा थांबले.

"मला का सांगतोस?" ते म्हणाले. "माजी जीप गेली. त्याचं नाव गेलं."

मग उठले, कोट घातला, टोपी घातली, आणि लंगडत स्टँडकडे निघाले. मी मागे.

कासमचाचांची शेड आता गिरणीच्या मागच्या गल्लीत आहे. ते एका बादलीच्या बुडाला डाख देत होते. पुढे आणखी बादल्या, डबे, एक फुटकी झारी. इंजिन एकही नव्हतं. आबा दारातच थांबले. मी आत जाऊन सांगितलं. या वेळी थोडक्यात जमलं.

चाचांनी डाखाची कांब बाजूला ठेवली. "म्हंजे खाणीतलं तेल म्हंजे रॉकेल?"

"हो."

"आन मी आंघोळ घातली." ते एकदाच हसले. "मला वाटायचं, रोजा होता, उन्हात डोकं फिरलं असंल, बोट चुकलं असंल. तीन वर्सं मी ब्रेकाला हात लावला नाय. लोक आणत नव्हते ते वायलंच. कुणी आणला तरी मी नाय म्हणायचो."

मी काहीतरी बोललो असेन. माफी वगैरे. त्यांनी ते ऐकलं की नाही मला सांगता येत नाही. ते दाराकडे बघत होते.

"हा पोर होता," ते म्हणाले. "पोराला नाय कळलं. सुभेदार, तुम्ही काय होतात?"

मी माझं ओझं उतरवायला गेलो होतो. ते आबांच्या डोक्यावर जाऊन पडताना मी पाहिलं. आबांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"मी गप होतो," ते म्हणाले.

"होतात. बाजारात गप होतात. आता बाजारातच बोला."

"बोलतो."

परत येताना एस.टी.त मी म्हणालो, मी बाजारापर्यंत थांबतो, मी सांगतो सगळ्यांना. आबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुजी परीक्षा हाय. तू जा. बाजारात गप बसलो तो मी." मी दोनदा म्हणालो आणि तिसऱ्यांदा म्हणालो नाही. मला हायसं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं.

काल कुसुमचं पत्र आलं. ती सातवीत आहे, अक्षर मोठं काढते. तिने लिहिलं आहे की आबा बाजाराच्या दिवशी चहाच्या दुकानापुढच्या दगडावर चढून उभे राहिले. त्यांना भाषण येत नाही. ते म्हणाले, मिस्त्रीने नवंच रबर घातलं होतं. ते फुगलं ते रॉकेलने. पुस्तकात रॉकेल लावू नका असं होतं, ते वाचताना चुकलं. मिस्त्रीचा काही दोष नाही, त्याच्या नावाने पुन्हा कुणी बोंब मारली तर माझ्याशी गाठ आहे.

तेव्हा कुणीतरी गर्दीतून विचारलं, "सुभेदार, पण वाचलं कुणी?"

आबा म्हणाले, "मी."

सगळा बाजार हसला, कुसुमने लिहिलं आहे. एकजण म्हणाला, सुभेदार, तुम्ही कधीपासून इंग्रजी वाचायला लागलात? आबा म्हणाले, "लढाईत शिकलो." त्यावर आणखी हसले. आबा दगडावर तसेच उभे होते, त्यांना गुडघ्यामुळे खाली उतरता येत नव्हतं.

मग कासमचाचा पुढे आले. महाडहून सायकलने आले होते, घामाघूम. त्यांनी आबांना हात देऊन खाली घेतलं आणि हसणाऱ्यांकडे वळून म्हणाले, "हसता कशाला? त्यांनीच वाचलं. मी समोर बसून ऐकत होतो."

पत्राच्या खाली तिने विचारलं आहे, दादा, चाचा खोटं का बोलले?

तिला अजून उत्तर लिहिलेलं नाही. दोन वडीलधाऱ्यांनी मिळून बाजारात मला झाकलं आहे, आणि त्यातल्या एकाचं तर मी नाव घालवलं होतं. आमच्या कॉलेजचा अंक पोलादपूरला जातो, शाळेच्या गुरुजींकडे. ते पारावर बसून मोठ्याने वाचून दाखवतात. म्हणून हे इथे लिहिलं. आबांना इंग्रजी येत नाही. ती ओळ मी गाळली. वाचत मी होतो.